नोटीस लावण्यापूर्वी दोन्ही घरांत जाऊन या : गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समिती सदस्य,
महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्था.

सविनय नमस्कार.

राज्यात आज एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत आणि त्यांचा मोठा भाग मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात आहे. वेगवेगळ्या प्रांतांतून, जातींतून आणि धर्मांतून आलेली माणसे एकच जिना, एकच लिफ्ट आणि एकच पाण्याची टाकी वापरत या इमारतींत आयुष्य काढतात. शेजारी कोण असावा हे त्यांपैकी बहुतेकांनी ठरवलेले नसते. जागेचा भाव, कर्जाचा हप्ता आणि स्टेशनपासूनचे अंतर यांनी ते ठरलेले असते. अशा ठिकाणी एकाच्या नित्याच्या जगण्याने दुसऱ्याला अवघडल्यासारखे होणे स्वाभाविक आहे, आणि त्या अवघडलेपणाची पहिली लेखी नोंद तुमच्या कार्यालयातील तक्रारअर्जांच्या फाइलमध्ये होते. मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका मिश्र वस्तीच्या संस्थेत काही वर्षे सचिव होते. शेजारच्या संस्थांचे पदाधिकारीही अशा अर्जांबाबत सल्ल्यासाठी येत असत. त्या अनुभवावरून, या अर्जांचे तुम्ही काय करता आणि काय करायला हवे, याविषयी हे पत्र लिहीत आहे.

मी प्रामुख्याने मांसाहार आणि शाकाहार यांवरून होणाऱ्या वादांबद्दल लिहीत आहे, कारण समित्यांना सर्वांत जास्त घाम फोडणारा विषय तोच आहे. पद्धत बहुतेक ठिकाणी ठरलेली असते. पावसाळ्यात एक अर्ज येतो: अमुक मजल्यावरून येणाऱ्या वासामुळे राहणे अशक्य झाले आहे. समितीच्या बैठकीत त्यावर दहा मिनिटे चर्चा होते आणि कोणी तरी उपविधींतील उपद्रवाचे कलम वाचून दाखवतो. इतर सभासदांना त्रास, उपद्रव किंवा गैरसोय होईल असे काही सदनिकेत करू नये, असे ते कलम आहे. मग फलकावर नोटीस लागते की दुर्गंधी पसरेल असे पदार्थ इमारतीत शिजवू नयेत. नोटिशीत कोणाचेही नाव नसते, परंतु ती कोणासाठी आहे हे वॉचमनपासून दूध टाकणाऱ्या मुलापर्यंत सर्वांना ठाऊक असते. ज्यांनी अर्ज केला त्यांच्याशी कोणी सविस्तर बोललेले नसते आणि ज्यांच्याविरुद्ध केला त्यांना तर कोणी काही विचारलेलेही नसते.

माझी विनंती एकच आहे. नोटीस लावण्यापूर्वी समितीतील दोघांनी दोन्ही घरांत जावे, बसावे आणि त्या घराची अडचण त्या घराला मान्य होईल अशा शब्दांत स्वतःला सांगता येईपर्यंत ऐकून घ्यावे.

ही विनंती कोणाला भाबडी वाटेल म्हणून जरा तपशिलात शिरते. हे अर्ज पावसाळ्यातच का वाढतात, याचा विचार किती समित्यांनी केला आहे? कोकण किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते आणि ती निदान जुलैअखेरपर्यंत बंद राहते. हा माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्यापूर्वीच किनाऱ्यावरची घरे आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, बेगमी करतात. त्यांत सुके बोंबील, जवळा, वाकट्या, सोडे असतात. मुंबईत तीन पिढ्या काढलेल्या कोळी, आगरी, भंडारी, मालवणी कुटुंबांच्या फ्लॅटमध्येही मे महिन्यात हे डबे भरले जातात. म्हणजे ताज्या मासळीपेक्षा कितीतरी उग्र वासाचे अन्न वर्षातून नेमके याच महिन्यांत शिजते, आणि पावसामुळे खिडक्या बंद असल्याने तो वास जिन्यात कोंडून राहतो.

आता त्याच इमारतीतील जैन कुटुंबाचे हे महिने पाहा. आषाढात चातुर्मास सुरू होतो. एरवी सतत विहार करणारे साधू-साध्वी या चार महिन्यांत एका ठिकाणी मुक्कामाला राहतात, जवळच्या उपाश्रयात, म्हणजे साधूंच्या निवासस्थानी, थांबतात आणि गोचरीसाठी, म्हणजे भिक्षेसाठी, श्रावकांच्या (जैन गृहस्थांच्या) घरी येतात. लिफ्ट न वापरता ते जिना चढून येतात. ज्या घराने वर्षभर या भेटीची वाट पाहिली त्या घराला अशी धास्ती असते की, जिन्यातच मासळीचा वास असेल तर महाराजसाहेब, म्हणजे ते साधू, आपल्या दारापर्यंत येणारच नाहीत. त्यानंतर पर्युषण हे जैनांचे व्रतपर्व येते. त्यात उपवास असतात, काहींचे सलग आठ दिवसांचे असतात, आणि उपाशी पोटी वास अधिक सहन होत नाही ही तर शरीराचीच गोष्ट आहे.

एका घराची तुटवड्याच्या दिवसांतली बेगमी आणि दुसऱ्या घराचा वर्षातला सर्वांत पवित्र काळ असे एकाच जिन्यात एकाच वेळी समोरासमोर येतात. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला डिवचण्यासाठी काही करत नसतो. मला हे संबंध एकाच दिवशी कळले नाहीत. निरनिराळ्या घरांत चहा घेताना, तक्रार बाजूला ठेवून इकडचे तिकडचे बोलताना थोडे थोडे कळत गेले. अर्जात हे काहीच नव्हते, कारण अर्ज लिहिणाऱ्याला ते इतके उघड वाटत होते की लिहिण्याची गरज भासली नव्हती, आणि उत्तर देणाऱ्याला ते कोणी विचारले नव्हते.

आमच्या संस्थेतील एका प्रकरणाचा इथे उल्लेख करते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. एका ज्येष्ठ जैन बाईंची तक्रार होती की लिफ्टमध्ये मासळी नेण्यास बंदी करावी. समितीतील काहींना ती थेट अतिरेकी वाटली, तर काहींना बंदी घालून प्रश्न मिटवावासा वाटला. मी आणि आमचे खजिनदार त्यांच्या घरी गेलो. बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितले की त्या रोज सकाळी स्नान करून, पूजेचे धूतवस्त्र नेसून अनवाणी देरासरात (जैन मंदिरात) जातात, आणि रविवारी बाजारातून आलेल्या पिशव्यांतून गळलेले पाणी लिफ्टच्या जमिनीवर असते. त्यावर पाय पडला की त्यांना परत येऊन पुन्हा स्नान करावे लागते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जिना उतरणे त्यांना शक्य नव्हते. शेजारी मासे खातात याबद्दल त्यांनी स्वतःहून एकच वाक्य उच्चारले: जीव जातो म्हणून मन दुखते, पण ते माझे मन आहे.

नंतर आम्ही ज्या घराविषयी कुजबूज होती तिथे गेलो. तिथे पहिली काही मिनिटे आम्हाला फक्त राग ऐकावा लागला, आणि तो ऐकण्यासारखा होता. पूर्वीच्या समितीने लावलेल्या एका नोटिशीनंतर त्या घरातील सुनेने माहेरच्या माणसांना जेवायला बोलावणे बंद केले होते. मुलाला खेळताना दुसऱ्या मुलांनी काय म्हटले हेही त्यांनी सांगितले. पिशवीतून पाणी गळते ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती, कारण आजवर कोणी पाण्याबद्दल बोललेच नव्हते. सगळे त्यांच्या खाण्याबद्दल बोलले होते. पुढच्या रविवारपासून ते झाकणाचा डबा घेऊन बाजारात जाऊ लागले आणि संस्थेने रविवारी लिफ्ट पुसण्याची वेळ बदलली.

लिफ्टचा प्रश्न सुटला. बाईंचे मन दुखायचे ते थांबले नाही आणि त्या कुटुंबाच्या मनातला जुन्या नोटिशीचा सलही गेला नाही. तरीही मी हे प्रकरण सांगते, कारण ऐकल्यामुळे तक्रारीचे दोन भाग वेगळे झाले. पहिला भाग व्यवस्थेचा होता. डबा, पुसणे, एक्झॉस्ट पंखा, कचरा उचलण्याची वेळ असे तो सोडवण्याचे साधन समितीच्या हातात असते. दुसरा भाग श्रद्धेचा आणि सवयीचा होता आणि तो समितीने सोडवायचा नव्हताच. सरसकट नोटीस या दोन्ही भागांची सरमिसळ करते आणि एका घराच्या श्रद्धेला दुसऱ्या घराच्या चुलीवर अधिकार देऊन टाकते.

मराठी पदाधिकाऱ्यांना इथे काही वेगळे सांगायचे आहे, कारण या वादाला मराठी विरुद्ध गुजराती असे रूप देण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी होते. श्रावणात मांसमच्छी न खाणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्या महिन्यात शेजारून आलेला वास कसा जाणवतो हे त्यांना विचारून पाहावे. दुसरीकडे सारस्वतांच्या घरी मासळी असते आणि कोकणातील काही समाजांत गौरीला मटणाचा किंवा चिंबोऱ्यांचा नैवेद्य दाखवला जातो. त्या घराच्या दृष्टीने ते शिजवणे हीच पूजा असते. एका बाजूला धर्म आणि दुसऱ्या बाजूला जिभेचे चोचले, अशी मांडणी ज्या बैठकीत होते त्या बैठकीने दुसऱ्या बाजूचे ऐकलेले नसते. आणि ज्या दलित कुटुंबांच्या मागच्या पिढ्यांना खाण्यापिण्यावरून दूर ठेवले गेले, त्यांच्या कानावर ‘वासाची तक्रार’ हे शब्द पडतात तेव्हा ते केवळ वासाबद्दल ऐकत नसतात. तक्रार करणाऱ्याच्या मनात तसे काही नसेलही. परंतु समितीला हा इतिहास माहीत असणे आवश्यक आहे, नाहीतर समोरचा माणूस एवढा का दुखावला हे तिला कळणार नाही आणि ती त्याला भांडखोर ठरवून मोकळी होईल.

आपल्यासारख्यांच्या शेजारी राहावे ही इच्छाही मी तुच्छ मानत नाही. मुंबईतील सहकारी गृहनिर्माणाचा उगमच तिच्यात आहे. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वतांनी उभी केलेली संस्था देशातील पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक मानली जाते. परक्या शहरात आलेल्या माणसांनी आपली भाषा, आपले जेवण आणि आपले सण असलेली वस्ती शोधली, त्यात वावगे काही नव्हते. अहमदाबादमधील पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. त्या निकालाशी मी मनाने सहमत नाही. पण त्या समाजाची आपण नाहीसे होऊ ही भीती खरी होती हे मला दिसते, आणि असहमत असूनही ती भीती समजून घेता येते.

मात्र तुमच्यापैकी बहुतेकांची संस्था तशी नाही. तुमच्या उपविधींत सभासदाने घरात काय शिजवावे याबद्दल एक शब्दही नसतो. राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाने पुरेशा कारणाशिवाय पात्र व्यक्तीला सभासदत्व नाकारता येत नाही असे म्हटले आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गोवंश मांसाविषयीच्या कायद्याची तपासणी करताना, आपल्या आवडीचे अन्न घरात खाणे हा खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. लेखी नियम करता येत नाही म्हणूनच अलिखित नियम होतात आणि ते इस्टेट एजंटाच्या तोंडून बोलतात. आधी आडनाव विचारले जाते, मग व्हेज की नॉनव्हेज, आणि मुसलमान कुटुंब असेल तर बहुधा दुसरा प्रश्न विचारण्यापूर्वीच जागा ‘नुकतीच गेलेली’ असते.

माझ्या विनंतीची मर्यादा इथे आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऐकून घ्या असे मी सांगते ते एकमेकांशेजारी राहणाऱ्या, दोघांचेही दार शाबूत असलेल्या माणसांबाबत. ज्याला दारातूनच परत पाठवले त्याचे ऐकण्याची वेळच येत नाही. त्याच्याबाबत समितीने आधी दार उघडायचे असते. तसेच एखाद्याचे अवघडलेपण दुसऱ्याच्या कृतीबद्दल नसून त्याच्या असण्याबद्दलच असेल, तर ते ऐकून घ्यावे, कुठून आले हे समजून घ्यावे, पण त्यासाठी कोणतीही व्यवस्था करू नये. समजून घेण्याने कोणाचे म्हणणे योग्य ठरत नाही. आणि प्रत्येक वेळी त्याच अल्पसंख्य घराला स्वतःचे जगणे समजावून सांगायला बोलावणे हाही एक प्रकारचा जाच आहे. ज्याने तक्रार केली त्यालाही तितक्याच बारकाईने विचारले जावे, कारण स्वतःला नक्की कशाचा त्रास होतो हे पुष्कळदा त्यालाही बोलता बोलताच उमगते.

ऐकायचे कसे, याबद्दल माझे काही ठाम मत झाले आहे. सर्वसाधारण सभेत हे काम होत नाही. तिथे माणसे शेजाऱ्याशी बोलण्याऐवजी श्रोत्यांसाठी बोलतात, टाळ्या मिळवतात आणि मग त्या शब्दांवरून मागे फिरणे त्यांना जमत नाही. आधी दोन्ही घरांत स्वतंत्रपणे जावे. जाणाऱ्या दोघांपैकी एकाची राहणी त्या घराच्या जवळची असावी आणि एकाची लांबची असावी. आम्ही हे योगायोगाने केले होते, पुढे मुद्दाम करू लागलो. त्रास कधी होतो, कुठे होतो, कोणाला होतो, असे साधे प्रश्न विचारावेत. ‘का’ हा प्रश्न शेवटी आणि जपून विचारावा, कारण ‘तुम्ही हे का खाता’ किंवा ‘तुम्हाला हे का चालत नाही’ असे विचारताच समोरचा माणूस उलटतपासणीला उभा असल्यासारखा बोलू लागतो. ऐकताना तोडगा सुचवू नये. सचिवांना ही सवय फार असते. वाक्य पुरे होण्याआधी आपण ‘मग असं करू या का’ म्हणतो आणि पुढचे वाक्य, जे खरे महत्त्वाचे असते, ते राहून जाते. उठण्यापूर्वी आपल्याला जे समजले ते त्यांना सांगावे. बहुतेक वेळा ते दुरुस्ती करतात, आणि सगळ्या भेटीत सर्वांत उपयोगी पडते ती ती दुरुस्ती.

मग इतिवृत्त लिहावे. संस्थांच्या इतिवृत्तांत अशा वादांची नोंद ‘वासाबाबत तक्रारीवर चर्चा झाली व सूचना लावण्याचे ठरले’ एवढीच असते. दहा वर्षांनी आलेल्या समितीला त्यावरून काहीच कळत नाही आणि तोच वाद पहिल्या पायरीपासून सुरू होतो. त्याऐवजी दोन्ही घरांचे म्हणणे प्रत्येकी चार-पाच ओळींत, त्यांना वाचून दाखवून, त्यांची हरकत नसेल अशा शब्दांत, नावे न घालता लिहावे. ‘दुर्गंधी’, ‘कर्मठपणा’, ‘हटवादी’ असे शब्द मसुद्यात आले असतील तर लिहिणाऱ्याने अजून ऐकलेले नाही असे समजावे आणि पुन्हा जावे. ज्यांना अनेकान्ताचा वारसा आहे अशा जैन सभासदांनी या कामात मला पुष्कळदा मदत केली, हेही इथे कृतज्ञतेने नोंदवते. वस्तूला अनेक बाजू असतात आणि आपल्याला दिसते ती त्यांपैकी एक, हे त्यांना मला सांगावे लागले नाही, त्यांनीच समितीतील उतावळ्या सदस्यांना सांगितले.

बकरी ईद, गणपतीचा मंडप, नवरात्रीतील गरबा, नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून उशिरा परतणारी कुटुंबे या सर्वांबाबत हीच रीत चालते, फक्त ती सणाच्या आदल्या दिवशी चालत नाही. कुर्बानी कोणत्या जागी करता येते आणि त्यासाठी महापालिकेची कोणती परवानगी लागते, ध्वनिक्षेपक रात्री १० ला का बंद करावा लागतो, हे कायद्याने ठरलेले आहे आणि समितीने ते कोणाचीही भीड न धरता पाळायला लावावे. पण आवारात पोलिसांची गाडी उभी राहिल्यावर कोणी कोणाचे ऐकत नाही. मुंबई परिसरात अलीकडच्या वर्षांत असे प्रसंग आपण पाहिले आहेत. सणाच्या महिनाभर आधी त्या घरी जाऊन या वर्षी काय करणार आहात, तुम्हाला आमच्याकडून काय लागेल आणि शेजाऱ्यांना काय सांगू, एवढे विचारले असते तर त्यांतील काही प्रसंग टळले असते असे मला मनापासून वाटते.

संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायच्या असतात, म्हणजे चातुर्मास अर्धा झालेला असतो आणि पर्युषण व गणपती नुकतेच पार पडलेले असतात. मने हळवी असण्याचा तो काळ असतो आणि याच सभांत आहाराविषयीचे ठराव ऐनवेळच्या विषयांत पुढे रेटले जातात. अध्यक्षांनी असा ठराव ऐनवेळी घेऊ नये. दोन्ही बाजूंची इतिवृत्तातील नोंद सभासदांना आधी वाचायला मिळाल्याशिवाय तो चर्चेलाही घेऊ नये. जागा भाड्याने देणाऱ्या सभासदाला समितीकडून भाडेकरूचा आहार, जात किंवा धर्म विचारला जाणार नाही, हे सचिवांनी परिसरातील एजंटांना लेखी कळवावे. आणि तुमच्या फलकावर आज जर एखादी जुनी, नाव नसलेली पण सर्वांना कळणारी नोटीस लटकत असेल, तर ती काढून टाकावी आणि काढल्याचे त्या घरी जाऊन सांगावे.

आपली,
एका संस्थेची माजी सचिव आणि सभासद